बिनदुधाचा फराळ

दिवाळीत माणसांतल्या पाहुण्याला घरात जागा मिळते. पदार्थांतल्या पाहुण्याला मात्र सहजासहजी मिळत नाही. चकली, करंजी, शंकरपाळे, शेव, चिवडा, अनारसे आणि लाडू ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या डब्यांत ठाण मांडून बसलेली आहेत. त्यांच्यात कुणी नवखा आला, की जुने डबे त्याच्याकडे नव्या सुनेकडे पाहावे तसे पाहतात. २०२४ सालच्या दिवाळीत आमच्या घरी असा एक नवखा आला. त्याचे नाव बिस्कॉटी. राहणारा इटलीचा. अंगावर नागपुरी संत्र्याचा वास, पोटात चॉकलेट, आणि दूध, तूप, लोणी, अंडे यांच्याशी त्याचा दुरूनही संबंध नाही. त्याला घरात आणला मी आणि भाजलाही मीच. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

यात विशेष ते काय, असे कुणी विचारील. विशेष एवढेच, की मी जन्मभर दुधाचा माणूस आहे.

१९६८ साली मी मुंबईत एका सरकारी दूध योजनेच्या प्रयोगशाळेत लागलो आणि २००४ साली त्याच खात्यातून निवृत्त झालो. ३६ वर्षे माझी पहाट दुधाच्या वासाने झाली. काचेच्या बाटल्यांचा खणखणाट, कॅनची झाकणे आपटल्याचे आवाज, आणि टेबलावर ओळीने मांडलेले नमुने. दुधात फॅट किती, हे पाहण्याची आमची एक पद्धत होती. जाड काचेच्या नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल घ्यायचे, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध अलगद सोडायचे, वर १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालायचे, बूच लावून हलवायचे आणि ती नळी यंत्रात गरगरा फिरवायची. आम्ल दुधातले बाकी सारे विरघळवून टाकते. राहते ते फक्त तूप. ते नळीच्या मानेत पिवळ्या रेघेसारखे वर येते. ती रेघ वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. असे किती आकडे लिहिले, त्याची मोजदाद नाही. शेजारीपाजारी मला ‘दूधसाहेब’ म्हणत, आणि मला ते आवडे. मुलाचे शिक्षण, पुण्यातले हे दोन खोल्यांचे घर, सौभाग्यवतीच्या हातातल्या पाटल्या, सारे त्या पिवळ्या रेघेने दिलेले आहे.

आता २०२३ सालच्या दिवाळीची गोष्ट सांगतो.

आमची नात त्या वर्षी इटलीतून परत आली होती. वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी ती वर्षभर फ्लॉरेन्स शहरात होती. दिवाळीला मुलगा, सून आणि नात मुंबईहून पुण्याला आली. पोरीने आल्या आल्या माझ्या हातात एक निळे पुडके ठेवले. ‘आबा, तुमच्यासाठी. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावचं आहे.’ उघडून पाहतो, तर आत बदामाच्या कापांचे तिरपे तुकडे. दिसायला थेट बेकरीतल्या टोस्टच्या धाकट्या भावासारखे. मी एक उचलून चावला. कृत्रिम दातांच्या माणसाने असले धाडस करू नये. ‘अगं, हा तर टोस्ट!’ मी म्हणालो. ‘टोस्टच म्हणा,’ ती हसून म्हणाली, ‘पण बुडवून खायचा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यंगस्नाने उरकली आणि फराळाची ताटे मांडली. सौभाग्यवतीने तिच्या ताटात बेसनाचा लाडू ठेवला.

‘आजी, यात तूप आहे ना?’ तिने विचारले.

‘म्हणजे काय! साजूक आहे गं. घरी कढवलेलं,’ सौभाग्यवती अभिमानाने म्हणाली. आमच्या पिढीत ‘यात तूप आहे ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एकच भीती असे. ती म्हणजे वनस्पती तुपाची.

‘मग मला नको. मी वीगन झालेय.’

त्या शब्दाचा अर्थ आम्हांला तिने समजावून सांगितला. मांसमच्छी नाही, अंडे नाही. शिवाय दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. जे जनावरापासून येते ते काहीच नाही. पुढे मी शोधून पाहिले, तेव्हा कळले की हा शब्द इंग्लंडात १९४४ साली काही शाकाहारी मंडळींनी घडवला. म्हणजे तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. पण त्या सकाळी मला तो शब्द काल जन्मलेला आणि विशेषतः माझ्याच विरुद्ध जन्मलेला वाटला.

‘दूध न पिता माणूस राहतो होय?’ मी म्हणालो.

‘राहतो की, आबा. मी राहतेय.’

‘आणि दुधाने कुणाचं काय बिघडलं?’

तिने माझ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही. अगदी साधेपणाने विचारले, ‘आबा, तुम्ही तर इतकी वर्षं दुधात होता. मला सांगा, वासरांचं काय होतं?’

मी उत्तर दिले नाही. उत्तर येत नसले म्हणजे माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. या घराची वीट न् वीट दुधाची आहे, तुझ्या बापाची फी दुधातून गेली, तू इटलीला गेलीस तेही त्याच्या जोरावर, असे बरेच काही बोललो. सणाच्या दिवशी बोलू नये ते बोललो. पोर मुकाट्याने चिवडा खात राहिली. ती भाऊबीजेपर्यंत राहायची होती. पाडव्यालाच मुंबईला गेली. त्यानंतर तिचा फोन येई तो आजीला. ‘आबा कसे आहेत?’ हा प्रश्न मला पलीकडच्या खोलीतून ऐकू येई. पण ‘आबांना दे’ असे वर्षभर तिने म्हटले नाही, आणि ‘मला दे’ असे मीही म्हटले नाही.

आता ज्याचे उत्तर मी दिले नाही, ते इथे लिहितो. १९७१ सालच्या पावसाळ्यात मुंबईच्या एका उपनगरात तबेल्यातले नमुने घ्यायला मला पाठवले होते. पहाटेची धार चालली होती. एका म्हशीपुढे तिचे रेडकू उभे होते आणि ती ते चाटत होती. जवळ गेलो तेव्हा दिसले, की त्या रेडकाला डोळे नव्हते. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून, काठ्यांच्या आधाराने ते म्हशीपुढे उभे केले होते. रेडकू दिसल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. आणि शहरातल्या तबेल्यात रेडकाला पाजायचे म्हणजे तेवढे दूध कमी विकायचे. नर रेडकाचा तर उपयोगच नाही. ती बिचारी उपासाने मरत. म्हैस पेंढ्याला चाटत होती आणि खाली चरवी भरत होती. मी माझ्या बाटलीत नमुना घेतला, प्रयोगशाळेत आलो, नळी फिरवली आणि वहीत लिहिले : फॅट ७.१. दूध उत्तम होते. वहीत दुसरा रकानाच नव्हता.

ही गोष्ट मी ५० वर्षांहून अधिक काळ कुणाला सांगितली नव्हती. सौभाग्यवतीलाही नाही.

पण एवढेच सांगून थांबलो तर तेही अर्धे सांगितल्यासारखे होईल. पुढे माझी बदली ग्रामीण भागातल्या संकलन केंद्रांकडे झाली. १९७० साली सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’चे दिवस होते ते. तिथे कॅन घेऊन येणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. एकच म्हैस, दीड एकर कोरडवाहू रान, नवरा वारलेला. आणि दर दहा दिवसांनी हातात पडणारे दुधाचे पैसे. त्या पैशांत शाळेच्या पाट्या येत, औषध येई, कधी लुगडे येई. १९९८च्या सुमारास भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला, तेव्हा आम्ही खात्यात पेढे वाटले. त्या पेढ्यांची मला आजही लाज वाटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या एकाच वहीत कशा लिहायच्या, हे मात्र मला कुणी शिकवले नाही.

तर असे वर्ष गेले. २०२४ सालचा दसरा झाला आणि सौभाग्यवती फराळाची यादी करायला बसली. कपाटातला एक डबा काढताना तिच्या हाती ते निळे पुडके लागले. आत दोन तुकडे राहिले होते. वर्ष झाले तरी अजून कडक! मी चष्मा लावून पुडक्यावरची अक्षरे वाचू लागलो. इटालियन मला येत नाही. पण आयुष्यभर लेबले वाचलेल्या माणसाला पदार्थांची यादी कुठल्याही भाषेत ओळखू येते. फोनच्या मदतीने अर्थ लावला : गव्हाचे पीठ, साखर, बदाम, अंडी.

‘अगं,’ मी म्हणालो, ‘यात अंडी आहेत. मग ही पोर हे खात नसणार.’

‘नाहीच खात,’ सौभाग्यवती यादीतून मान वर न करता म्हणाली. ‘मला तेव्हाच म्हणाली होती. “मी नाही खात, पण आबांना टोस्ट आवडतो ना, म्हणून आणला.”’

मी ते पुडके हातात धरून बराच वेळ बसलो. जे आपण खात नाही ते पोरीने दोन समुद्र ओलांडून आबांसाठी आणले. आणि आबांना काय साधले, तर जे ती खात नाही तेच पुन्हा पुन्हा तिच्या ताटात ठेवायचे! घरात ती खाईल असा एक पदार्थ करावा, हे ३६ वर्षे मोजमाप करणाऱ्या माणसाच्या डोक्यात वर्षभर आले नव्हते.

‘यंदा वसुबारसेला तिला बोलाव,’ मी म्हणालो.

‘का बरं?’

‘त्या दिवशी तू दूध, दही, तूप काही खात नाहीस ना?’

सौभाग्यवतीने आता मान वर केली. लग्न झाल्यापासून ती वसुबारस पाळते. गहू नाही, मूग नाही, दूधदुभते नाही. संध्याकाळी गाय-वासराची पूजा करायची आणि बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खायची. ‘तेच तर मी तुम्हांला गेल्या वर्षी सांगणार होते,’ ती म्हणाली, ‘पण तुमचा आवाज एवढा मोठा होता! मी वर्षातून एक दिवस पाळते, ती रोज पाळते. त्यात एवढं घर डोक्यावर घेण्यासारखं काय होतं?’

दुसऱ्याच्या पानात काय आहे, यावरून भांडण्याची आम्हां पुणेकरांची परंपरा जुनीच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून या गावात एवढे ग्रामण्य माजले, की टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. तेव्हा वाद होता तो चहा घेतल्याचा. आमच्या घरचा वाद होता तो लाडू न घेतल्याचा. एवढीच काय ती प्रगती.

मी बिस्कॉटी करायचे ठरवले. भाजण्याचे काम मला अगदीच परके नव्हते. लहानपणी दिवाळीच्या आधी आई परातीत तूप-साखर तळहाताने फेसून पांढरेशुभ्र करायची, त्यात मैदा मळून नानकटाईचे गोळे ठेवायची, आणि ते पत्रे घेऊन मला बेकरीत पिटाळायची. गल्लीतल्या साऱ्या घरांचे पत्रे तिथे रांगेत. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारायचा आणि आम्ही पोरे त्या उबेत रात्रीचे अकरा-अकरा वाजेपर्यंत बसायचो. आपलाच पत्रा परत मिळतो ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागे. आता भट्टीच्या जागी सुनेने घेऊन दिलेला छोटा विजेचा ओव्हन आहे, आणि तो आजवर पापड भाजण्यापलीकडे कशालाही वापरला गेलेला नाही.

आधी थोडा अभ्यास केला. ‘बिस्कीट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले ‘दोनदा भाजलेले’ असे शब्द आहेत. एकदा भाजून पाव करायचा, आणि त्याचे काप पुन्हा भाजून आतला ओलावा घालवायचा, म्हणजे तो महिनोन्‌महिने टिकतो. जुन्या काळी दर्यावर्दी लोक असलेच कोरडे खाणे गलबतावर नेत. आपल्या बेकरीतला टोस्टही दोनदाच भाजलेला. तेव्हा मी पहिल्या घासालाच त्याला टोस्टचा भाऊ म्हटले, ते काही चूक नव्हते. इटलीत बिस्कॉटी म्हणजे कुठलीही बिस्किटे; या बदामाच्या तिरप्या कापांना तिकडे ‘कान्तुच्ची’ म्हणतात. प्रातो गावात आंतोनियो मात्तेई नावाच्या गृहस्थाने १८५८ साली दुकान काढून ती प्रसिद्धीला आणली. तिकडे ती गोड मद्यात बुडवून खातात; आपल्याकडे चहा आहे. माझ्या दृष्टीने मोठी बातमी ही, की तिच्यात मुळातच लोणी नसते. म्हणजे दूध काढून टाकायचे कष्ट नव्हतेच. प्रश्न होता तो फक्त अंड्याच्या जागी काय घालायचे याचा.

पहिल्या खेपेला मी काहीच घातले नाही. मैदा, साखर, तेल आणि संत्र्याचा रस. पहिली भाजणी झाली, सुरी लावली, आणि पाटावर निव्वळ भुगा. सौभाग्यवतीने तो डब्यात भरला आणि डब्याला नाव दिले, ‘आबांचा चिवडा’.

तोड निघाली ती तिच्याच मांडणीवर. जवसाची चटणी आमच्याकडे बारा महिने असते. जवस भाजून दळले आणि पाण्यात कालवले, तर चांगला चिकट होतो. न भाजता दळला तर त्याहून चिकट. त्याच्या सालीत एक प्रकारचा डिंक असतो. एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी दहा मिनिटे ठेवले, की अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत लगदा होतो आणि पीठ धरून ठेवतो. चटणीच्या जवसात ही विद्या आहे, हे आम्हांला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

दुसऱ्या खेपेला काप पडले. पण कडू झाले. दोष संत्र्याचा नव्हता, माझा होता. संत्र्याचा सुगंध सालीच्या वरच्या रंगीत थरातल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत असतो. खालचा पांढरा थर कडू. मी दोन्ही किसले होते. शिवाय नागपुरी संत्र्याची साल सैल. आधी सोलून मग किसू गेलात, तर हाती काही लागत नाही. सबंध फळच किसणीवर हलक्या हाताने फिरवावे लागते. आंबिया बहाराची संत्री नुकती बाजारात येऊ लागली होती. अंगाने हिरवट, पण वासाला खणखणीत.

चॉकलेटने तर मला माझ्या प्रयोगशाळेतच परत नेले. ‘गडद’ म्हणून आणलेल्या वडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘दुधाची भुकटी’ असे लिहिलेले सापडले. ३६ वर्षे मी दुधात पाणी शोधले. आता म्हातारपणी चॉकलेटमध्ये दूध शोधत हिंडलो. तीन दुकाने फिरल्यावर फक्त कोको, कोकोचे लोणी आणि साखर असलेली वडी मिळाली. कोकोचे लोणी हे नावाचेच लोणी. ते कोकोच्या बियांतले तेल आहे. आणि गंमत अशी, की खायचे घट्ट चॉकलेट १८४७ साली इंग्लंडात तयार झाले, त्यात दूध घालण्याची युक्ती स्वित्झर्लंडमध्ये १८७५ साली साधली. म्हणजे बिनदुधाचे चॉकलेट हेच थोरले. दूधवाले मागाहून आले.

तिसऱ्या खेपेला जमले. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी माझ्या वहीतले आकडे देतो. मैदा २५० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, चिमूटभर मीठ. दोन मोठे चमचे जवसाची पूड पाच मोठ्या चमचे पाण्यात भिजवलेली. बिनवासाचे तेल ६० मिलिलिटर. दोन संत्र्यांच्या सालीचा कीस आणि लागेल तसा एक-दोन चमचे रस. चॉकलेटचे बारीक तुकडे ८० ग्रॅम, अख्खे बदाम ६० ग्रॅम. पीठ फार मळायचे नाही. गोळा झाला की थांबायचे. ओल्या हाताने त्याची वीतभर लांब, चार बोटे रुंद अशी चपटी लादी थापायची. १८० अंशांवर अर्धा तास भाजायची. मग पंधरा मिनिटे तिला हात लावायचा नाही, आणि हे सर्वांत कठीण. गरम कापली तर मोडते आणि वितळलेले चॉकलेट सुरीला माखते. अगदी गार होऊ दिली तर तडकते. कोमट असताना पावाच्या दातेरी सुरीने बोटाएवढे जाड तिरपे काप करायचे, आडवे मांडायचे आणि १५० अंशांवर एकेका बाजूने बारा-बारा मिनिटे पुन्हा भाजायचे. बाहेर काढताना ते थोडे मऊ लागतात. घाबरू नये, गार झाले की कडक होतात.

वसुबारसेच्या संध्याकाळी नात आली. आजीने बोलावले म्हणून आली होती. मला वाकून नमस्कार केला आणि ‘बरे आहात ना?’ म्हणाली. मी ‘हो’ म्हणालो. पाटावर पितळी गाय-वासरू होते; तिने आजीबरोबर हळदकुंकू वाहिले. मी बाजूला खुर्चीवर बसून पाहत होतो. इतकी वर्षे ती पूजा पाहिली, पण त्या दिवशी प्रथमच लक्षात आले, की पूजेतल्या गाईपाशी वासरू असतेच. नुसत्या गाईची मूर्ती कुणी मांडत नाही.

जेवायला आजी-नात शेजारी बसल्या. भाकरी, गवार, तेलातली लसणीची चटणी. ‘आजी, यात...’ म्हणून ती विचारू लागली आणि मध्येच थांबली. आजीच्या आणि तिच्या ताटात एकच पदार्थ होते. ती पोटभर जेवली.

मग मी डबा आणला. वर चिकटवलेल्या कागदावर घटकांची यादी होती, वजनासकट. माझ्या जुन्या अहवालांसारखी. खाली तारीख आणि सही. तिने ती सबंध वाचली. दोनदा वाचली असावी. कारण वर पाहायला तिला फार वेळ लागला.

‘आजी, तू घे ना,’ ती म्हणाली.

‘मला नको बाई, आज गहू चालत नाही,’ सौभाग्यवती म्हणाली. ‘माझा उद्या.’

आम्ही तिघेही हसलो. त्या हसण्याच्या आधाराने मी तिला १९७१ सालच्या पावसाळ्यातली ती गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, पेंढा, काठ्या आणि वहीतला तो आकडासुद्धा. सौभाग्यवतीचा हात भाकरीच्या टोपलीवर तसाच राहिला. सांगून झाल्यावर मी त्या कॅन घेऊन येणाऱ्या बायांचीही गोष्ट सांगितली. ती माझी सफाई म्हणून नव्हे, तर तीही वहीत असावी म्हणून.

नात बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘आबा, गेल्या वर्षी मी तुम्हांला टोचायला विचारलं नव्हतं हो. तुम्हांलाच ठाऊक असेल, म्हणून विचारलं होतं.’

‘ठाऊक होतं, म्हणूनच चिडलो,’ मी म्हणालो.

तिने एक काप उचलून मोडला. कट्‌ असा आवाज झाला. खाऊन म्हणाली, ‘चॉकलेट थोडं जास्त चाललं असतं.’ हीच खरी पावती; नुसते ‘छान’ म्हणाली असती तर मला संशय आला असता.

‘मग आता तुम्ही दूध सोडणार?’ तिने विचारले.

‘नाही,’ मी खरे ते सांगितले. ‘या वयात चहा बदलत नाही माझ्याने.’

‘नका सोडू. पण कुठल्या गोठ्यातलं आहे ते तरी बघाल?’

‘तपासणीच करायची, तर ते माझंच काम आहे,’ मी म्हणालो. आता जवळच्या गावातल्या एका गोठ्यातून दूध येते. मी स्वतः जाऊन पाहून आलो. वासरे खुंट्याला होती आणि धष्टपुष्ट होती. माझ्या वहीत आता एक रकाना वाढला आहे.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी आम्ही तिघे चहाला बसलो. नातीच्या कपात कोरा चहा, लिंबू पिळलेला. आमच्या दोघांच्या कपांत नेहमीचा, दुधाचा. सौभाग्यवतीने तिचा राहिलेला काप घेतला आणि चहात बुडवला, मीही बुडवला. बिनदुधाचा टोस्ट दुधाच्या चहात! नात आमच्या कपांकडे पाहून इतकी हसली, की तिला ठसका लागला.

ती भाऊबीजेपर्यंत राहिली. जाताना अर्धा डबा घेऊन गेली. उरलेल्या अर्ध्या डब्यावर सौभाग्यवतीने आपल्या अक्षरात ‘टोस्ट’ असे लिहिले आणि तो चकली नि करंजीच्या डब्यांमध्ये ठेवून दिला.